दाजी अचानक गेले, ताईला लगेच हातात पडेल अशी काही सरकारी मदत आहे का?

धाकटी_बहीण

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकीच्या ठिकाणी टाकलं असेल तर सांगा. माझे दाजी मागच्या पंधरवड्यात गेले. वय ४१. सेंट्रिंगचं काम करायचे, सकाळी साईटवर छातीत दुखायला लागलं, सोबतच्या पोरांनी रिक्षात घालून सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं पण दुपारच्या आत सगळं संपलं. परवा तेरावं झालं. ताई ३६ वर्षांची आहे, मुलगी नववीत, मुलगा चौथीत, सासू त्यांच्याजवळच असतात. शेती नाही. म्हणजे सासऱ्यांची होती थोडी पण ती चुलत्यांकडेच राहिली, तो विषय आता काढण्यात अर्थ नाही.

घरात आता पै-पाहुण्यांनी दिलेले धरून सात हजार आहेत. फायनान्सचा हप्ता दर आठवड्याला ९५० चा, ती माणसं तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात येऊन बसली. दुकानदार उधारीला अजून नाही म्हणाला नाहीये पण किती दिवस देईल. मी पुण्यात एका मेसमध्ये पोळ्या करते, जमेल तसं पाठवते, पण माझंही खोलीभाडं आहे.

गावात जो येतो तो वेगळं सांगतो. एकजण म्हणाले कर्ता माणूस गेला की सरकार २० हजार देतं. सरपंच म्हणाले संजय गांधीमध्ये नाव घालू. कुणीतरी मुख्यमंत्री निधी म्हणालं. आणि गावातलाच एक माणूस म्हणतोय ५ हजार द्या, मी सगळ्या योजना एकदम करून देतो. आम्ही मृत्यूचा दाखला मागायला ग्रामपंचायतीत गेलो तर इथे मिळणार नाही म्हणाले, का ते काही सांगितलं नाही. रेशनकार्ड केशरी आहे. ताईला लाडकी बहीणचे १५०० येतात.

मला एवढंच विचारायचंय की पुढच्या एक-दोन महिन्यात खरंच हातात पैसे येतील असं काय आहे आणि आधी कशाच्या मागे लागायचं. ताई अजून नीट बोलत नाही, सगळं मलाच बघायचंय आणि मला दोनच दिवस सुट्टी आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून

वाचून वाईट वाटलं. तहसीलमध्ये बरीच वर्षं काढली, त्यातली शेवटची संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत, म्हणून सांगतो. त्या ५ हजारवाल्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. यातल्या एकाही अर्जाला एजंट लागत नाही.

पहिलं काम मृत्यूचा दाखला, आणि तो ग्रामपंचायतीत का मिळाला नाही ते ऐका. माणूस जिथे मरण पावतो तिथे त्याची नोंद होते, जिथे राहतो तिथे नाही. दाजी दवाखान्यात गेले, म्हणजे नोंद दवाखान्यामार्फत तिकडच्याच निबंधकाकडे. गावात घरी वारले असते तर ग्रामपंचायत. नोंदीची मुदत २१ दिवस आहे. तुमचे अंदाजे पंधरा झाले. दवाखान्यातून माहिती गेलेली असेलच असं धरून चालू नका, दवाखान्याचे कागद आणि दोघांचं आधार घेऊन उद्याच कुणालातरी तिकडे पाठवा आणि नोंद झाली का ते स्वतः बघायला सांगा. २१ दिवस गेले तरी नोंद होते, पण मग लेट फी, आणखी उशीर झाला तर परवानगी, प्रतिज्ञापत्र हे सगळं सुरू होतं. नोंद करताना दाजींचं नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहून घ्या, काना-मात्रेसकट. घाईघाईत दवाखान्याच्या कागदावर घरातलं नाव पडतं आणि मग बँक, तहसील सगळीकडे अडतं. तसं झालंच असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच निबंधकाकडे करता येतो, कायद्यात तशी तरतूद आहे (१९६९ च्या कायद्याचं कलम १५). दाखल्याच्या सहा-सात प्रती काढून ठेवा.

आता २० हजारांचं. राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजना असं तिचं नाव. केंद्राची आहे, आधी १० हजार होते, २०१२ पासून २० हजार, एकदाच मिळतात. मयत कर्त्याचं वय १८ ते ५९ पाहिजे, मरण नैसर्गिक असो नाहीतर अपघाती. दाजी ४१ चे, म्हणजे वयात बसतात. पण अट अशी की कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं पाहिजे, आणि हे रेशनकार्डाच्या रंगावर ठरत नाही. बीपीएलच्या यादीत नाव पाहिजे. ग्रामीण भागात २००२ च्या सर्वेक्षणाची यादी धरतात. तेव्हा तुमचे दाजी अगदी तरुण, त्यांचं वेगळं कुटुंब नसणार, वडिलांचं असेल. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधी ग्रामसेवक म्हणायचे) जाऊन सासऱ्यांच्या नावाने यादी तपासायला सांगा. नाव सापडलं तर क्रमांकासकट दाखला घ्या आणि बाप-लेकाचं नातं दाखवणारा कागद जोडा, जुनं रेशनकार्ड चालतं. मी असे अर्ज घेतलेत आणि ते मंजूरही झालेत. केशरी कार्ड बघून अर्ज परत करणारेही मी पाहिलेत, म्हणून तोंडी नाही म्हणाले तर ऐकून परत येऊ नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधी हा आजारपणाच्या उपचारासाठी असतो, पैसे दवाखान्याला जातात. माणूस गेल्यावर घर चालवायला त्यातून मिळतील अशा आशेवर राहू नका.

जाता जाता इतर वाचणाऱ्यांसाठी, कारण हे फार कमी लोकांना माहितीय. २० हजारांच्या योजनेत घर सांभाळणारी बाईसुद्धा कर्ती धरली जाते. बायको गेली आणि ती कमावत नव्हती म्हणून अर्जच केला नाही असं खूप घरांत होतं.

बँकमित्र_भीमाकाठ

साहेबांनी दाखल्याचं सांगितलंच आहे, मी बँकेचं सांगतो. आमच्या पॉइंटवर अशा बायका येतात आणि त्यांना माहीतच नसतं की नवऱ्याच्या खात्यातून विम्याचे पैसे कापले जात होते. दाजींचं पासबुक काढा, ज्या ज्या बँकेत खातं असेल तिथलं, आणि एंट्री मारून घ्या. मे किंवा जूनमध्ये ४३६ रुपये गेलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वारसाला २ लाख मिळतात आणि मरण कशामुळेही असो, हार्ट अटॅकसुद्धा धरतात. वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. मधेच कधी चालू केली असेल तर पहिल्या वर्षी कमी कापतात, ३४२ किंवा २२८ किंवा ११४, म्हणून त्या आकड्यांवरही नजर टाका. फक्त २० रुपये गेलेले असतील तर ती सुरक्षा विमा, ती निव्वळ अपघाताची, तुमच्या केसमध्ये तिचा उपयोग नाही.

४३६ दिसले तर ज्या शाखेत खातं आहे तिथेच जायचं, क्लेमचा फॉर्म तिथेच मिळतो. मृत्यूचा दाखला, वारसदार म्हणून जिचं नाव आहे तिचं आधार, तिच्या पासबुकाची झेरॉक्स. एवढंच. नॉमिनी कोण लावलंय ते आधी विचारा, लग्नाआधी काढलेलं खातं असलं तर वडिलांचं नाव असतं आणि ते वारलेले असले तर मग वारसाचे कागद लागतात, थोडा वेळ जातो. तुम्ही विचारलंत ना दोन महिन्यात हातात काय येईल, तर माझ्या अनुभवात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठी रक्कम हीच येते. आमच्या भावकीत एका वहिनीला दीड महिन्यात मिळाले, दुसऱ्या एकीला चार लागले कारण नावात फरक होता.

आणखी एक, दाजींचं एटीएम कार्ड आता वापरू नका. लोक पिन माहिती असतो म्हणून काढतात, मग बाकीच्या वारसांनी तक्रार केली की त्रास होतो. खात्यातले पैसे रीतसर काढायला नॉमिनीला फार काही लागत नाही, कागद पूर्ण दिले की १५ दिवसांत निकाली काढायचं असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

त्या फायनान्सवाल्यांचं पण बघा. कर्ज ताईच्या नावावर आहे का दाजींच्या? गटाच्या कर्जात बऱ्याचदा बाईचा आणि नवऱ्याचा दोघांचा विमा कर्ज देतानाच कापून घेतलेला असतो, कर्जाच्या कार्डावर किंवा पावतीवर लिहिलेलं असतं. असेल तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं. ते आपणहून सांगतीलच असं नाही. मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत हप्त्याला मुदत द्या असं लेखी मागा.

मी_सोलापूरकर

सेंट्रिंगचं काम करत होते म्हणताय तर बांधकाम कामगाराचं कार्ड होतं का? ते पेटी आणि भांडी मिळतात ना, ते. नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावर असताना मृत्यू झाला तर ५ लाख, आणि विधवेला वर्षाला २४ हजार असे ५ वर्षं. पण नूतनीकरण चालू पाहिजे, तेवढं बघा.

धाकटी_बहीण

सगळ्यांचे आभार, रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आता निदान कुठे जायचं ते कळलं. भावाला आज सोलापूरला पाठवलं. नोंद झालेली आहे पण नावात घोळ आहेच, घरात बोलतात ते नाव टाकलंय आणि वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज देऊन आलाय. पासबुक ताईच्या ट्रंकेत सापडलं, दोन वर्षांची एंट्रीच नव्हती, उद्या मारून आणतील.

बांधकामचं कार्ड आहे, पेटी पण मिळाली होती. पण कार्डावर मुदत गेल्या जानेवारीपर्यंतचीच दिसतेय. पुढचं केलंच नाही बहुतेक. ताई म्हणते ठेकेदार ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर सही करायला टाळाटाळ करत होता म्हणून राहिलं. आता काय?

दोन_लेकरांची_आई

तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मे २०२१ ला माझे मिस्टर कोरोनात गेले, मी तेव्हा ३३ ची होते, मुलं सात आणि तीन वर्षांची, मला बँकेची स्लिप भरता येत नव्हती, खोटं नाही सांगत. म्हणून मी जे केलं आणि जे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही ते सगळं सांगते, लांब होईल पण वाच.

आधी ताईचं स्वतःचं बँक खातं बघ. स्वतःचं म्हणजे तिचं एकटीचं, आणि त्याला आधार लिंक आहे का ते. नुसतं आधार दिलंय असं नाही, सरकारी पैसे ज्या खात्यात येतात ते लिंक वेगळं असतं. लाडकी बहीणचे ज्या खात्यात येतात तेच आधारचं खातं, तेच सगळ्या अर्जात लिही, दुसरं लिहू नको. मी सासऱ्यांबरोबरचं जॉइंट खातं लिहिलं होतं आणि माझे पैसे भलत्याच जुन्या खात्यात गेले, जे मिस्टरांनी कधी काळी उघडून दिलं होतं आणि मला आठवतही नव्हतं, ते शोधायला दोन महिने गेले. आणि आधारला मोबाईल तिचाच लिंक असूदे, ओटीपी दिराच्या फोनवर येतो मग प्रत्येक वेळेला त्याची वाट बघायची, तो चांगला असला तरी कामाला जातो ना.

मग मुलांचं. बालसंगोपन योजना म्हणून आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं पूर्ण नाव, एक पालक गेलेल्या मुलांना महिन्याला २२५० मिळतात, प्रत्येक मुलाला, १८ वर्षांपर्यंत. आधी ११०० होते, २०२३ पासून वाढले. हे तहसीलमध्ये नाही, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, आणि अंगणवाडीच्या बाईंना विचारलंस तर तालुक्याला कुणाकडे फॉर्म द्यायचा ते त्या सांगतात. मृत्यूचा दाखला, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, सगळ्यांचं आधार, उत्पन्नाचा दाखला, मुलांचं आईबरोबर खातं, आणि घरासमोर उभं राहून काढलेला आई-मुलांचा फोटो लागतो. मग बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन जावं लागतं, घाबरायचं काही नाही, मला विचारलं शाळेत जातात का, कोण सांभाळतं, एवढंच. हे लगेच नाही मिळत, मला आठ-नऊ महिने लागले आणि पैसे दर महिन्याला नियमित येतात असंही नाही, कधी सहा महिन्यांचे एकदम येतात. पण दोघांचे मिळून साडेचार हजार होतात गं, मुलीची दहावी निघते त्यात. म्हणून पैसे उशिरा येणार असले तरी अर्ज याच महिन्यात टाक, कारण जेवढा अर्ज उशिरा तेवढं सगळंच पुढे जातं.

लाडकी बहीण आणि संजय गांधी दोन्ही एकदम नाही घेता येत, दोन्हीकडे १५०० च आहेत. त्यामुळे सरपंच म्हणतायत म्हणून घाईने तिकडे फॉर्म भरून इकडचं बंद झालं आणि तिकडचं मंजूर व्हायला सहा महिने गेले असं नको व्हायला. संजय गांधीला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, लाडकी बहीणला अडीच लाख. तहसीलच्या साहेबांनी वर लिहिलंय त्यांनाच विचार नीट.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमच्याकडे ताईला सव्वा महिना घराबाहेर पडू नको म्हणत असतील. मला म्हणाले होते. माझ्या वतीने सगळीकडे दीर आणि सासरे गेले, चांगल्या मनानेच गेले, पण सह्या माझ्या लागायच्या, अंगठा माझा लागायचा, मग ते परत यायचे आणि पुढच्या आठवड्यात परत जायचे. कोरोनाचे ५० हजार मिळायचे होते, त्याचा अर्ज पण असाच दोनदा परत आला. शेवटी मी एक दिवस उठले आणि गेले, बायका बघत होत्या, बघूदेत. २०२२ ला हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेच्या या सगळ्या प्रथा बंद करायचा ठराव केला, कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव ते, त्यानंतर सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. सासूबाई ऐकत नसतील तर त्यांना हे सांग, पण प्रेमाने सांग, त्यांचाही लेक गेलाय. ताईला तिच्या पायाने जाऊदे. तिला बोलायला त्रास होतोय म्हणतेस तर बोलू नको म्हणावं, नुसती जा आणि सही कर. मला त्या टेबलासमोर उभं राहून, माझं नाव काय ते सांगून पहिल्यांदा जरा धीर आला होता.

कागदांची एक पिशवी कर. ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही, दिराच्या पण नाही, सरपंचाच्या पण नाही. झेरॉक्सच द्यायची.

शेतकरी_बार्शी

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख मिळतात, कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज करा, वेळ घालवू नका.

निवृत्त_अव्वल_कारकून

बार्शीकर, तुमची तळमळ कळते पण ती अपघाताची योजना आहे, हृदयविकार त्यात बसत नाही, आणि घरात कुणाच्या तरी नावावर ७/१२ लागतो. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणे, विहिरीत बुडणे, रस्ता अपघात असं काही असतं तर मीच सांगितलं असतं. इतरांसाठी सांगतो, सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या घरातला कुणीही एक अशा दोघांना, वय १० ते ७५, ही योजना लागू आहे. वीज पडून माणूस गेला तर आपत्तीतून ४ लाखांची मदत वेगळी असते, ती तहसीलमधून.

धाकटी_बहीण, बांधकाम कार्डाचं उत्तर. मुदत संपलेली असेल तर बांधकाम कामगार मंडळ लाभ देत नाही, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण कार्डावर छापलेली तारीख जुनी आणि ऑनलाइन नूतनीकरण झालेलं असं पुष्कळ वेळा असतं, कारण नवीन कार्ड छापून येत नाही, नुसता मेसेज येतो. म्हणून तालुक्याच्या सुविधा केंद्रात नोंदणी क्रमांक देऊन एकदा बघा. दाजींच्या मोबाईलचं सिम बंद पडू देऊ नका, रिचार्ज करत राहा, सगळे मेसेज त्याच्यावर आहेत.

चालू नाही निघालं तरी काम संपलं नाही. साईटवर काम करताना त्रास सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय. आधी १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आलीय, त्यात ठेकेदार आणि ज्याचं काम चालू होतं तो मालक दोघांवर जबाबदारी येऊ शकते. हार्ट अटॅकमध्ये कामाच्या ताणाशी संबंध दाखवावा लागतो, ते सोपं नाही आणि लवकर होणारंही नाही. पण सोबतच्या कामगारांची नावं, त्या दिवशी किती वाजल्यापासून काम चालू होतं, स्लॅबचं होतं का, दवाखान्याचा केसपेपर हे आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी ही पोरं कुठल्या कुठे गेलेली असतील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

लाडकी बहीण आणि संजय गांधीबद्दल वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. चालू आहे ते चालू राहूदे. उत्पन्नाचा दाखला मात्र नवीन काढा, तो सगळीकडे लागतो. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) दाजींच्या कमाईवरचा जुना आकडा असेल, तो तसाच पुढे लिहून देतात. कमावता माणूस गेलाय, मृत्यूचा दाखला दाखवून आजची परिस्थिती लिहून मागा. खोटं काही सांगायचं नाही, आज घरात येतं किती तेच सांगायचं.

धाकटी_बहीण

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मेसमध्ये सुट्टी मिळाली नाही.

पासबुकात ४३६ निघाले. दोन वर्षं लागोपाठ. ताईला काहीच माहिती नव्हतं, दाजींनी कधी सांगितलं नाही, बहुतेक बँकेत कुणीतरी फॉर्मवर सही घेतली असेल. नॉमिनी ताईच आहे. नावाच्या दुरुस्तीला अठरा दिवस लागले, दाखला हातात आला त्याच दिवशी क्लेम दिला, तीन आठवडे होतील उद्या. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या कागद पुढे गेलेत.

फायनान्सचं कार्ड बघितलं, विमा होता. ताईच्या नावावर कर्ज आणि नवऱ्याचं नाव विम्यात. दाखला दिल्यापासून हप्ता मागायला आले नाहीत. बँकमित्र दादा तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही उसने घेऊन भरत बसलो असतो, आधीचे दोन तसेच भरले होते.

बांधकामचं नाही झालं. ऑनलाइनला पण जानेवारीतच संपलेलं. ते बघून ताई त्या दिवशी पहिल्यांदा खूप रडली, म्हणाली मी त्यांच्या मागे लागायला पाहिजे होतं. दाजींबरोबरच्या चौघांची कार्डं भावाने त्याच दिवशी तपासली, तिघांची संपलेली होती, आता करतायत.

२० हजारांचं, सासऱ्यांचं नाव २००२ च्या यादीत आहे. ग्रामपंचायतीने दाखला दिला. बालसंगोपनचा फॉर्म अंगणवाडीच्या मॅडमनी भरून घेतला, फोटो पण त्यांनीच काढला. तहसीलचा अर्ज राहिलाय, सोमवारी द्यायचाय, आणि सासूबाईच म्हणाल्या की तिला घेऊन मीच जाते, दोघी जातील. सोमवारी मी पुण्यातच असेन. तिथे गेल्यावर नक्की कुणाला भेटायचं आणि काय म्हणायचं एवढं सांगाल का? तिला ते पाठ करून जायचंय.

निवृत्त_अव्वल_कारकून

संगायोचं टेबल विचारायचं, इमारतीत कुणीही दाखवेल. अकरानंतर जा. म्हणायचं एवढंच, "माझे पती वारले, राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचा अर्ज द्यायचाय." बाकी काही सांगायची गरज नाही, कागद बोलतात. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. कारकून म्हणाला राहूद्या, नंतर देतो, तर बाकावर बसून राहायचं, देतात. क्रमांक मिळाला की इथे टाकू नका, जपून ठेवा. अनुदान आलं की मंजुरी निघते, त्यामुळे महिन्याने त्या क्रमांकावर एकदा चौकशी करायची. सासूबाईंनाही विचारा, त्यांचं वय ६५ झालं असेल तर श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेचा अर्ज त्याच टेबलावर घेतात, त्यांचं आधार बरोबर असूदे.

धाकटी_बहीण

६७ आहे त्यांचं. लिहून घेतलं सगळं, फोनवर तिला वाचून दाखवते आत्ता.